दोनदा पोचवणे : इग्बो लोकांचे अंत्यविधी

शाळेच्या भिंतीवर आफ्रिकेचा नकाशा असेल तर त्याच्या पश्चिम अंगाला, जिथे किनारा एकदम आत वळतो, तिथे नायजर नावाची मोठी नदी समुद्राला मिळताना दिसेल. तिच्या मुखाच्या थोडे वर, बहुतेक पूर्व तीरावर आणि थोडा पश्चिम तीरावरही, इग्बो लोकांचा मुलूख आहे. आज तो नायजेरिया देशाच्या आनांब्रा, एनुगू, इमो, आबिया, एबोन्यी, डेल्टा अशा राज्यांत मोडतो. लोकसंख्या काही कोटींची, भाषा स्वतःची, माती तांबडी, पाऊस भरपूर. मानाचे पीक कंदाचे. आपण कोनफळ म्हणतो त्याच जातीचा कंद, पण चांगला हातभर लांब आणि वजनदार. माणसे शेतकरी, पण त्याहूनही हाडाची बाजारकरी. त्यांचा आठवडासुद्धा बाजारावरून ठरलेला. एके, ओरिये, आफो आणि न्क्वो असे चारच वार, आणि ज्या त्या वाराला ज्या त्या गावचा बाजार.

अशा लोकांनी जगालाच बाजार म्हटले तर नवल नाही. जग हा बाजार आहे, सौदा उरकला की माणूस घरी जातो, अशा अर्थाची त्यांची एक म्हण आहे. वयोवृद्ध माणूस वारला की 'मेला' हा शब्द तोंडातून काढणे त्यांना बरे वाटत नाही. 'घरी गेला' असे म्हणतात. इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, हे तर आपल्या ओळखीचेच झाले. पण याच्या पुढची गोष्ट निराळी आहे, आणि आजचे बोलणे तिच्याविषयीच आहे. इग्बोंच्या जुन्या समजुतीप्रमाणे बाजारातून निघालेला माणूस आपल्या पायांनी घरी पोचत नाही. मागे राहिलेल्यांनी त्याला पोचवावे लागते, आणि तेही दोनदा. पहिल्यांदा देह पोचवायचा, दुसऱ्यांदा माणूस. या दुसऱ्या विधीला 'इक्वा ओझू' असे नाव आहे. ओझू म्हणजे प्रेत. बाहेरच्या अभ्यासकांनी त्याला 'दुसरे दफन' म्हटले आणि तेच नाव रूढ झाले. ते जरा फसवे आहे, कारण पुरलेला देह काही पुन्हा उकरीत नाहीत. देहाचा त्या विधीशी संबंधच उरलेला नसतो.

हे घर कुठले, ते आधी पाहू. सर्वांच्या वर चुक्वू हा थोर देव. प्रत्येक माणसाबरोबर जन्मापासून त्याचा स्वतःचा एक लहान देव असतो, त्याला 'ची' म्हणतात. नशीब म्हणा, पाठीराखा म्हणा. पण रोजच्या व्यवहारात ज्यांची आठवण पदोपदी होते ती दोन दैवते जमिनीवरची आहेत. एक आला, म्हणजे भूमाता. पीक तिचे, नीतीचे नियम तिचे, आणि मेलेल्याला पोटात घेणारीही तीच. दुसरे म्हणजे वाडवडील, ज्यांना न्दिचिए म्हणतात. ते आत्म्यांच्या मुलखात राहतात, पण तो मुलूख फार लांब नाही. घरी पाहुणा आला की यजमान कोलाच्या झाडाचे बी पुढे करतो. आपल्या पानसुपारीसारखाच तो मान. बी फोडण्यापूर्वी घरातला कर्ता पुरुष मेलेल्या वडीलधाऱ्यांची नावे घेऊन त्यांना बोलावतो आणि ताडीचे चार थेंब जमिनीवर सांडतो. वडिलांना आधी, पाहुण्याला नंतर. म्हणजे भावकी मोजताना जमिनीवरची माणसे आणि जमिनीखालची माणसे अशी मिळूनच मोजायची.

मात्र मेलेला प्रत्येक जण न्दिचिए होत नाही, आणि नुसता मेला म्हणून तर मुळीच होत नाही. त्याने पुरे आयुष्य जगलेले असावे, मागे लेकरे असावीत, मरण 'चांगले' असावे, आणि त्याचे दोन्ही विधी झालेले असावेत. यातली शेवटची अट त्याच्या हातात नसते. ती मुलांच्या हातात असते.

पहिला विधी लवकर उरकतो, पूर्वी तर एकदोन दिवसांतच. मोठा माणूस गेला असेल तर बातमी लगेच फोडीत नाहीत. आधी जवळच्या भावकीला, म्हणजे उमुन्नाला, कानात सांगायचे. मग एक्वे नावाचा पोकळ लाकडी नगारा वाजतो आणि उखळी बार उडतात. आपल्या जत्रेत लोखंडी उखळीत दारू ठासून उडवतात ना, अगदी तसलीच चीज. आवाज ऐकून दुसऱ्या गावची माणसे किती बार झाले ते मोजतात आणि गेला तो किती मोठा होता ते ओळखतात.

देह धुऊन, सजवून ठेवतात. पण मूठमाती देण्याआधी एक अट आहे, आणि ती मोठ्या शहाणपणाची आहे. मयताच्या आईच्या माहेरची माणसे यायला पाहिजेत. त्यांना देह पाहायचा हक्क. आमच्या लेकीच्या पोराला काही दगाफटका तर झाला नाही ना, आजारपणात हेळसांड तर झाली नाही ना, हे विचारायचा हक्क. मेलेली बाई असेल तर तिच्या माहेरच्यांचा हा हक्क आणखी कडक. त्यांचे समाधान झाल्याखेरीज कुदळ उचलायची नाही. कितीतरी भागांत तर बाईचा देह माहेरीच नेऊन पुरण्याची चाल होती. सासरी आयुष्य गेले तरी शेवटची जागा बापाच्या भूमीत. चिनुआ अचेबे या इग्बो लेखकाच्या 1958 साली निघालेल्या प्रसिद्ध कादंबरीत एक म्हातारा मामा भाच्याला हीच चाल सांगतो आणि आईचा आसरा म्हणजे काय ते त्याला समजावतो.

पुरुषाला पुरायचे ते स्वतःच्या घराच्या आवारात. वेगळे स्मशान ही कल्पना तिथे मूळची नाही. अंगणातच थडगे असते आणि मुले त्याच्या भोवती खेळतात. तेव्हा घर विकून दुसरीकडे जाणे हा प्रश्न पैशांचा राहत नाही, हे लक्षात येईल.

मोठ्या माणसाचे दफन म्हणजे काय, याचा एक फार जुना पुरावा सापडलेला आहे, आणि शिक्षकबंधूंनी तो वर्गात जरूर सांगावा. 1938 साली इग्बो-उक्वू नावाच्या गावात आयझाया अनोझी नावाचे एक गृहस्थ आवारात पाण्याची टाकी खणत होते. कुदळीला काशाची नक्षीदार भांडी लागली. पुढे 1959 आणि 1960 साली थर्स्टन शॉ या पुराणवस्तुशास्त्रज्ञाने तिथे पद्धतशीर खणून काढले. जवळच्याच एका आवारात खोल खाली लाकडी फळ्यांनी मढवलेली एक खोली निघाली. आत एक थोर पुरुष पुरलेला होता. तो आडवा नव्हता, बसवलेला होता. बूड टेकायला चौरंग, डोक्याला तांब्याचा मुकुट, छातीवर तांब्याचा पत्रा, जवळ हस्तिदंत, अंगावर आणि भोवती ढिगांनी मणी. इग्बो-उक्वूच्या सगळ्या जागा मिळून लाखाच्या वर मणी निघाले. काळ ख्रिस्ताच्या नवव्या शतकाच्या सुमाराचा. ओतकाम इतके नाजूक की, काशाच्या भांड्यावर दोरीची जाळी घातली आहे असे वाटते आणि ती जाळीही काशाचीच निघते. बाहेरून कोणी येऊन शिकवल्याखेरीज आफ्रिकेत असे काम होणार नाही, असे मानणाऱ्यांची त्यामुळे चांगलीच पंचाईत झाली. पण त्याच खोलीच्या वर निदान पाच माणसांची हाडेही निघाली. धन्याच्या सोबतीला ती धाडली गेली असावीत, असे अभ्यासक मानतात. कौतुक करताना हेही सांगितले पाहिजे.

आता दुसऱ्या पोचवण्याकडे येऊ. देह तर मातीत गेला. पण माणूस अजून वाटेत आहे. तो ना इकडचा, ना तिकडचा. आत्म्यांच्या मुलखात त्याला बसायला जागा मिळत नाही, कारण त्याच्या घरच्यांनी अजून त्याचा मान केलेला नाही. घरात आजारपण वाढले, कंद सडले, सुनेला मूल होईना, की दिबियाकडे जायचे. दिबिया म्हणजे तिकडचा वैद्य आणि देवऋषी, दोन्ही एकात. तो कौल पाहून सांगतो, "बाप अजून दाराशी उभा आहे."

हा विधी महिन्यांनी होतो, वर्षांनीही होतो. कंदाचे पीक घरात आल्यावर, पाऊस संपल्यावर, कोरड्या दिवसांत. खर्च थोरल्या मुलाच्या डोक्यावर. बकरी, गुरे, कंदाचे ढीग, ताडीचे घडे, कापड, बंदुकीची दारू, वाजंत्री. थोरल्याजवळ बापाकडून आलेली ओफोची काठी असते. ओफो नावाच्या झाडाची आपोआप गळून पडलेली फांदी घेऊन ती करतात. ती हातात धरून घरचा वडीलधारा शपथ घालतो, न्याय देतो, पूर्वजांशी बोलतो. ती काठी हातात आली की हक्क आला, आणि हक्काबरोबर हे देणेही आले. बापाचा दुसरा विधी केल्याशिवाय मुलाला ओझो ही मानाची पदवी घेता येत नाही, असा नियम कितीतरी गावांत होता. पदवी नाही तर पंचात शब्दाला वजन नाही. म्हणजे बाप वाटेत अडकला तर मुलगाही अडकला.

विधी चालतो तो चार दिवस, कुठे त्याहून अधिक. या दिवसांत गावात राज्य असते ते लेकींचे. कुळातल्या सगळ्या लेकी, लग्न होऊन दूर गेलेल्या, म्हाताऱ्या झालेल्या, सगळ्या मिळून एक संघटनाच असते. तिला उमुआदा म्हणतात. त्या माहेरी येऊन मुक्काम ठोकतात. त्यांना सन्मानाने खाऊपिऊ घालावे लागते. त्या रात्री जागून गातात, रडतात, मयताचे गुण आणि त्याच्या लांड्यालबाड्याही गाण्यात सांगतात. भावाभावांत जमिनीवरून भांडण असेल तर उमुआदा दोघांना समोर उभे करून विचारतात. त्या रुसल्या तर विधी तिथेच थांबतो, भाऊ कितीही पैसेवाला असो. जावई वाजंत्री आणि बकरी घेऊन येतात. कोणी मोठे आणले, कोणी किरकोळ आणले, हे सगळे गाव पाहत असते.

आणि मग मुखवटे निघतात. मन्वू असे त्यांचे नाव. मुखवट्याखाली गावातलाच कोणी माणूस आहे हे सर्वांना ठाऊक असते, पण ते बोलायचे नसते. त्या घटकेला तो जमिनीतून वर आलेला पूर्वज असतो. तो घोगऱ्या, फाटक्या आवाजात बोलतो. वाडवडीलच आपल्यातल्या नव्या माणसाला न्यायला आले, असा त्याचा अर्थ. आनांब्राकडे इजेले नावाचा मुखवटा आहे, तो सगळ्या मुखवट्यांचा राजा. उंची सुमारे चार मीटर, म्हणजे दोन माणसे एकमेकांच्या डोक्यावर उभी करा. रंगीत कापड आणि बांबूचा हा मनोराच, त्यावर माणसांच्या, जनावरांच्या बाहुल्या. तो तयार करायला शंभर माणसांना सहा महिने लागतात. 2009 साली युनेस्कोने मानवजातीच्या वारशाच्या यादीत इजेलेचे नाव घातले. एवढे धूड एकच माणूस डोक्यावर घेऊन नाचतो. प्रत्यक्ष पाहणाऱ्याला हे मयत आहे की जत्रा, असा प्रश्न पडत असेल. पण रडणे पहिल्या दफनात होऊन गेलेले असते. हा जेवणावळीचा आणि नाचाचा दिवस, कारण आज माणूस घरी पोचला.

पोचलेला माणूस मग परत येऊ शकतो. इग्बोंची पुनर्जन्माची कल्पना आपल्यासारखी लांबलचक फेऱ्याची नाही. माणूस पुन्हा येतो तो आपल्याच कुळात, नातवंड होऊन. मूल जन्मले की दिबियाला विचारायचे, कोण आले? अंगावरची खूण, चेहरा, हसण्याची ढब पाहून ठरते. एकच आजोबा दोन नातवांत आला, तरी त्यात कोणाला अडचण वाटत नाही. मुलाचे नाव न्नान्ना म्हणजे बापाचा बाप, मुलीचे न्नेन्ना म्हणजे बापाची आई. न्नाम्दी म्हणजे माझा बाप जिवंत आहे. नायजेरियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष न्नाम्दी अझिकिवे यांचे नाव यातलेच.

सगळीच नावे अशी आनंदाची नसतात. ओझोएमेना, म्हणजे पुन्हा असे न होवो. ओन्वुबिको, म्हणजे मरणा, तुझ्या पाया पडतो. एकामागून एक मुले दगावलेल्या घरात ही नावे ठेवली जात. तेच तेच मूल आईला छळायला पुन्हा पुन्हा जन्म घेते आणि मरते, असे मानीत आणि त्या मुलाला ओग्बान्जे म्हणत. त्याने कुठेतरी पुरून ठेवलेला खुणेचा खडा शोधून काढला की त्याचे येणेजाणे थांबते, म्हणून अंगणभर खणीत. आजचे काही अभ्यासक यामागे सिकल सेल नावाचा रक्ताचा आजार पाहतात. तो आईबाप दोघांकडून मुलात उतरतो आणि त्या मुलखात फार आढळतो. एकाच घरातली भावंडे त्याने लहानपणीच जात. हा आजार आपल्याकडे गडचिरोली, नंदुरबारच्या आदिवासी भागातही आहे, तेव्हा तिकडच्या शिक्षकांना हे ऐकून त्या आईचे दुःख परके वाटणार नाही.

आता या सगळ्याची काळी बाजू. पोचवण्याचा मान सगळ्यांना नव्हता. गळफास घेतलेला माणूस, अंग सुजून मेलेला, महारोगी, देवी येऊन मेलेला, बाळंतपणात गेलेली बाई, ही सगळी 'वाईट' मरणे. भूमाता अशाला पोटात घेत नाही, अशी समजूत. मग त्याला गावाबाहेरच्या अजो ओफिया, म्हणजे वाईट रानात टाकून द्यायचे. कधी कधी तर जीव असतानाच नेऊन ठेवायचे. जुळी मुले जन्मली तर तीही तिथेच. देवीच्या रोग्याला गावापासून दूर ठेवण्यात थोडे तथ्य होते असे म्हणता येईल. पण बाळंतिणीची कोणाला लागण होणार होती? जिला सगळ्यात जास्त आधाराची गरज, तिच्याच घरच्यांना रडायचीही बंदी. या रीतीचा मोठेपणा सांगताना मला इथे नेहमी अडखळायला होते.

गंमत अशी की, याच रानातून बदल आला. ख्रिस्ती मिशनरी 1857 साली नायजर तीरावरच्या ओनित्शा गावी आले, आणि पुढे आत आत सरकले. देऊळ बांधायला जागा मागितली की कित्येक गावे त्यांना वाईट रान दाखवीत. चार दिवसांत मरतील, ब्याद जाईल. ते मेले नाहीत. मग ज्यांना गावात जागा नव्हती ते आधी तिकडे गेले. जुळ्यांच्या आया गेल्या. ओसू म्हणून देवाला वाहिलेले, ज्यांच्याशी कोणी सोयरीक करीत नसे आणि ज्यांना इतरांशेजारी पुरीतही नसत, ते गेले. ओसूपणा कायद्याने 1956 साली रद्द झाला. लग्न ठरवताना मात्र त्याची चौकशी अजून होते म्हणतात. आज बहुतेक इग्बो ख्रिस्ती आहेत.

विधवेची गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. नवरा गेला की तिचे केस काढायचे, सात इग्बो आठवडे, म्हणजे अठ्ठावीस दिवस, तिला कोंडून ठेवायचे, जमिनीवर बसवायचे, पुढे वर्षभर काळे किंवा पांढरे कापड. काही ठिकाणी नवऱ्याच्या मरणात आपला हात नाही हे पटवण्यासाठी प्रेत धुतलेले पाणी तिला प्यायला लावल्याच्या नोंदी आहेत. बायको मेलेल्या पुरुषाला यातले फारसे काही नाही. आणि ही सक्ती करायला कोण उभे असे? बहुधा त्याच उमुआदा, कुळाच्या लेकी, ज्यांच्या शहाणपणाचे मघाशी आपण कौतुक केले. माहेरी ज्यांच्या शब्दावर सारे हलते, त्या प्रत्येकीला आपापल्या सासरी केव्हातरी याच चटईवर बसायचे असते. हे त्यांना दिसत नसेल असे नाही. एनुगू राज्याने 2001 साली कायदा करून विधवेवर किंवा विधुरावर अशी सक्ती करणे गुन्हा ठरवला. मुलगा नाही म्हणून विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेतून हुसकावण्याची रूढी नायजेरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली बेकायदा ठरवली. निकाल स्पष्ट आहे. खेड्यापाड्यांत तो पोचायला मात्र चटईवर बसलेल्या बाईच्या बाजूने कोणीतरी उभे राहावे लागते.

घरापासून दूर मरण आले तर काय, हा प्रश्न इग्बोंना इतिहासाने पुन्हा पुन्हा विचारला. गुलामांच्या व्यापारात लाखो माणसे समुद्रापार गेली. 1803 साली अमेरिकेत जॉर्जियाच्या किनाऱ्यावर सेंट सायमन्स बेटाजवळ नेल्या जाणाऱ्या इग्बो बंदिवानांनी पहारेकऱ्यांवर उठाव केला आणि त्यातले कितीतरी खाडीच्या पाण्यात चालत गेले. ते बुडाले. त्या किनाऱ्यावरच्या काळ्या लोकांनी पिढ्यानपिढ्या सांगितले की ते पाण्यावरून चालत घरी गेले.

मग 1967 ते 1970 चे युद्ध. इग्बोबहुल पूर्व भागाने बियाफ्रा नावाचे वेगळे राष्ट्र जाहीर केले आणि नायजेरियाच्या सैन्याने त्याला वेढले. दहा लाखांहून अधिक माणसे मेली असे मानले जाते, बहुतेक उपासमारीने, आणि त्यांत मुले फार. नदीच्या पश्चिम तीरावर असाबा गाव आहे. 7 ऑक्टोबर 1967 रोजी तिथले लोक आपली पांढरी समारंभाची वस्त्रे नेसून नायजेरियाच्या सैन्याच्या स्वागताला नाचत बाहेर आले. आपण देशाशी एकनिष्ठ आहोत हे दाखवायला. सैनिकांनी पुरुष आणि मोठी मुले बाजूला काढली आणि गोळ्या घातल्या. शेकडो मेले. काहींना घरच्यांनी कसेबसे अंगणात नेऊन पुरले. बाकीचे सामुदायिक खड्ड्यांत गेले, कसल्याही विधीवाचून. ज्या लोकांत बापाचे दोन्ही विधी केल्याखेरीज मुलाला बसायला जागा नाही, त्यांच्या एका गावात एकाच दिवशी बापही गेले आणि विधी करणारे मुलगेही गेले. आकड्यांवरून हे कळत नाही. दुसऱ्या विधीला देह लागत नाही हे सुरुवातीला सांगितले, ते अशा वेळी आठवते. कबर कुठे आहे हे माहीत नसले तरी माणसाला पोचवता येते. फक्त पोचवणारा कोणीतरी उरायला हवा.

आता देह घरी आणण्याची सोय झाली आहे, आणि तिने नवीच अडचण उभी केली आहे. शवागारात प्रेत महिनोन्‌महिने राहते. लेगॉसमधला, लंडनमधला मुलगा सुट्टी काढीपर्यंत, गावातले घर रंगवून होईपर्यंत, सगळ्यांना एकाच छापाचे कापड शिवून होईपर्यंत थांबायचे. भिंतींवर मयताच्या तसबिरीची मोठमोठी पत्रके लागतात. न्नाम्दी अझिकिवे 11 मे 1996 रोजी वारले, त्यांना ओनित्शात मूठमाती मिळाली 16 नोव्हेंबरला. चिनुआ अचेबे 21 मार्च 2013 रोजी अमेरिकेत बॉस्टनला वारले. त्यांचा देह समुद्र ओलांडून ओगिदी या त्यांच्या गावी आणला आणि 23 मे रोजी तिथल्या मातीत ठेवला. थोरांचे ठीक आहे. पण सामान्य माणसे या खर्चापायी जमीन विकू लागली, कर्जात बुडू लागली. म्हणून आनांब्रा राज्याच्या विधानसभेने 2019 साली कायदा केला. शवागारात दोन महिन्यांहून अधिक देह ठेवायचा नाही, समारंभ एकाच दिवसाचा, रात्रीचे जागरण नऊपर्यंतच, रस्ता अडवायचा नाही. कायदा सरसकट पाळला जातो असे कोणी म्हणणार नाही. पाहुण्याला उपाशी लावला असे म्हणून घ्यायला कोण तयार होईल?

दोन विधींमधले अंतरही आता बहुतेक मिटले आहे. चर्चनेही दुसऱ्या दफनाला फार काळ विरोध केला. आज बहुधा सगळे एका आठवड्याच्या शेवटी बसवतात. शुक्रवारी पाद्रीबुवांची प्रार्थना आणि दफन. शनिवारी उमुआदा, जावयांची वाजंत्री, कुठे कुठे मुखवटेही. रविवारी घरचे सगळे पांढरे कपडे घालून चर्चमध्ये आभाराच्या प्रार्थनेला जातात. पाहुणे पांगले की थोरला मुलगा वही घेऊन बसतो. कोणाकडून बकरी आली, कोणाकडून कापड, कोणी किती पैसे दिले, सारे नावानिशी लिहिलेले असते. ती वही नीट जपून ठेवतात, कारण त्यातल्या एकेकाच्या दारी केव्हातरी तेवढे घेऊन जायचे असते.